आजीच्या नावाची हाक

क्लिअर फोर्क, ओक्लाहोमा
१० नोव्हेंबर २०१३

फिलोमीनमावशी,

तुम्ही मला ओळखत नाही. पाकिटावर अनोळखी आडनाव बघून कपाळाला आठ्या घालू नका, वर्गणी मागायला लिहिलेलं नाही. मी लव्होना ट्रूडेल. तुमच्या आजीची धाकटी बहीण नवऱ्यामागे इकडे ओक्लाहोमात आली, ती माझी पणजी. दोघी बहिणींची पुन्हा भेट झाली नाही हे आमच्या घरात अजून हळहळून सांगतात. त्या नात्याने तुम्ही माझी मावशी लागता.

मी शाळेची बस चालवते आणि दर गुरुवारी आपल्या आदिवासी जमातीच्या सभागृहाच्या तळघरात आपली भाषा शिकवते. शिकवते म्हणजे काय, पोरांपेक्षा दोन पानं पुढे असते इतकंच. ती भाषा बोलणारं शेवटचं माणूस इथे माझ्या जन्माआधीच गेलं. आमच्या हाती राहिला तो एका फ्रेंच पाद्र्याने पूर्वी तुमच्या नदीकाठी बसून लिहिलेला कोश. शब्द, त्याचा अर्थ आणि मधूनमधून एखादं वाक्य. त्यातले शब्द आम्ही वाचतो आणि वाटतील तसे उच्चारतो. बरोबर की चूक हे सांगणारं इथे कोणी नाही.

वाचून शिकलेल्या शब्दांनी माझी पहिल्यापासून फजिती केली आहे. लहानपणी गावात पुस्तकांची गाडी यायची, तिच्यातली समुद्राची पुस्तकं मी अधाशासारखी वाचायची. एकदा भर वर्गात ऐटीत म्हणाले, मी मोठी झाल्यावर ‘याच्ट’ घेणार. बाई हसल्या, मग सगळा वर्ग हसला. आजूबाजूला शेकडो मैल नुसतं गवत, त्या शिडाच्या होडीला ‘यॉट’ म्हणतात हे मी ऐकणार कुठे? त्या वर्षभर माझं नावच याच्ट पडलं होतं. आता त्या पोरांसमोर उभी राहून आपले शब्द उच्चारताना मला तोच वर्ग आठवतो. फक्त इथे हसायलाही कोणी उरलेलं नाही.

आता मुद्द्यावर येते. सप्टेंबरात माझ्या मुलाला, कर्टिसला मुलगी झाली. सरकारी कागदावर ती मार्लिस आहे, पण आपल्या पद्धतीने अजून बिननावाची आहे. रीत मी तुम्हाला काय सांगावी! गेलेल्या माणसाचं नाव त्याच्या घराण्याकडून मागून घ्यायचं, घराण्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईने ते तोंडाने उच्चारून द्यायचं, आणि बाळाच्या बापाच्या आईने ते पाण्यापलीकडून हाक मारून बाळापर्यंत पोचवायचं. इथे आजवर आम्ही कोशातून नावं काढून भागवलं. नातीच्या वेळी मला तसं करायचं नाही. मला तुमच्या आजीचं नाव हवं आहे. कागदावर ते ‘ओनकाशोन’ असं वाचता येतं. ते नाव कानांनी ऐकलेलं जगात तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

तुमचा फोन नंबर कळवा. तुम्ही एकदा म्हणा, मी ऐकेन.

तुमची,
लव्होना

---

रीड लँडिंग, इंडियाना
१५ डिसेंबर

लव्होना पोरी,

पत्र मिळालं. अक्षर सुंदर आहे तुझं, बस चालवणाऱ्या बाईचं असं अक्षर मी पाहिलं नव्हतं. तुझी पणजी इथून गेली तेव्हा आजीची चांगली कढई घेऊन गेली होती. ती तुमच्याकडे असेल तर तुम्हालाच लाभो, पण आजी मरेपर्यंत त्या कढईबद्दल बोलत होती एवढं सांगून ठेवते.

तू लिहिलेलं नाव मी शेजारच्या डॉटीला मोठ्याने वाचायला लावलं. डॉटी म्हणजे माझ्या पुतण्याची बायको, ती माझा बाजारहाट करते. तिने वाचलं तेव्हा ते मला कपडे धुण्याच्या मशीनचं नाव वाटलं. यात तिची चूक नाही आणि तुझीही नाही.

फोन मी ठेवत नाही. नाव हवं असेल तर बाकीची पुष्कळ आहेत. आजीची आत्या होती, चुलत्या होत्या, भल्या बायका होत्या. त्यांची नावं कोशात मिळतील. आजीच्याच नावाचा हट्ट कशाला?

हिकरीची अक्रोडं पाठवते आहे. फोडायला हातोडी लागेल. नातीचा फोटो पाठव.

फिलोमीन

---

क्लिअर फोर्क
१२ जानेवारी २०१४

फिलोमीनमावशी,

अक्रोडं मिळाली. कर्टिसने एक फोडलं, दुसऱ्याच्या वेळी अंगठा फोडला. फोटो सोबत आहे. भुवया बघा, माझी आई म्हणायची की अशा भुवया तुमच्या घराण्यातून आल्या. कढईचा तपास केला. ती माझ्या चुलतभावाच्या अंगणात आहे आणि तिच्यात झेंडू लावले आहेत. आता मला त्या झेंडूंकडे बघवत नाही.

आजीच्याच नावाचा हट्ट का, असं तुम्ही विचारलंत. मावशी, बाकीच्या नावांचं सगळं पाद्र्याच्या कागदावर आहे आणि कागदाला तोंड नसतं. हे एकच नाव असं आहे ज्याच्या मागे एक जिवंत माणूस उभं आहे. आपल्या लोकांपैकी एका तरी पोरीला खऱ्या नावाने हाक मारली जावी, असं मला फार वाटतं. ते राहून गेलं तर पुन्हा कधीच होणार नाही.

फोन नसेल तर हरकत नाही. मी माझा आवाज भरून सीडी पाठवते आहे. त्यात मी नाव पाच-सहा तऱ्हांनी म्हटलं आहे. डॉटीवहिनींकडे ऐका आणि कितवा जवळचा आहे ते कळवा. त्यांना सांगून तुमचा आवाज भरून पाठवलात तर मग काय, मी नाचेनच.

लव्होना

---

रीड लँडिंग
९ फेब्रुवारी

लव्होना,

ऐकलं. यातला एकही नाही.

जवळचाही नाही. पुन्हा पाठवू नकोस.

इथे बर्फ फार आहे. पोरगी गोड आहे.

फिलोमीन

---

क्लिअर फोर्क
१६ मार्च

फिलोमीनमावशी,

महिनाभर हे पत्र लिहायचं टाळलं. आज लिहिते, कारण गप्प बसवत नाही.

तुम्हाला नाव द्यायचं नसेल तर तसं सरळ सांगा. तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसला आहात आणि मी इथे वेड्यासारखी आरशासमोर उभी राहून ओठ वाकडेतिकडे करते आहे. तुमच्याकडे आहे ते तुम्ही आम्हाला का देत नाही? आम्ही ओक्लाहोमावाले नदी सोडून गेलो म्हणून? आमच्या पणजीने कढई नेली म्हणून? आम्हाला कोणी विचारून जन्माला घातलं नाही, मावशी. आम्हाला जे मिळालं त्यातून आम्ही भाषा उभी केली. चुकीची असेल. तळघरात पोरं आजीला, पाण्याला, भाकरीला आपल्या शब्दांनी हाका मारतात तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी येतं. तुमच्या कानांना ते मशीनचं नाव वाटलं असतं.

शेवटी ते एका पक्ष्याचंच तर नाव आहे. कोशात दोन ओळी आहेत त्याच्यावर. तो पक्षी आम्ही कोणी पाहिलेला नाही. आमच्याकडे दलदल नाही, नुसता वारा आहे. जूनमध्ये आमचा मेळावा आहे, तेव्हा मी नातीला दुसरं एखादं नाव देईन. कोशातलंच देईन आणि मला येईल तसं म्हणेन.

यापुढे त्रास देणार नाही.

लव्होना

---

रीड लँडिंग
२८ मार्च

लव्होना पोरी,

हे पत्र मी एका बैठकीत लिहिते आहे, नाहीतर पुन्हा फाडेन. तीन फाडली आहेत.

मला आवाज नाही. बारा वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर झाला, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं आहे, दाढीच्या मशीनसारखं गुरगुरतं. दुकानात पहिल्यांदा वापरलं तेव्हा एक पोर आईच्या मागे लपलं. त्या दिवसापासून ते खणात आहे. डॉटीशी मी पाटीवर लिहून बोलते.

तू माझ्याकडे आजीचं नाव मागितलंस. रीत अशी की ते मी तोंडाने द्यायचं. त्या गुरगुरीने मी आजीचं नाव घेऊ? माझं मन धजेना. तुला खरं सांगायची लाजही वाटली. म्हातारपणी माणसाला लाज कमी होते म्हणतात, माझी वाढली आहे. तू सीडी पाठवलीस ती मी तीनदा ऐकली. प्रत्येक वेळी तुला ‘असं नव्हे, असं’ म्हणावंसं वाटलं, आणि नुसती हवा गळ्यातून बाहेर पडली. म्हणून ते तुसडं पत्र गेलं. आम्ही तुमच्यावर रागावलेलो नाही. कढईचं मी गमतीत लिहिलं होतं.

आता दुसरी गोष्ट.

तू लिहिलंस की ते पक्ष्याचं नाव आहे. मला हे माहीत नव्हतं. माझ्यासाठी ते फक्त आजीचं नाव होतं. आजी आमच्याशी आपली भाषा बोलायची नाही. पोरांना शाळेत मार बसतो म्हणून आजी-आजोबा दोघांनी ती बंद केली होती. फक्त संध्याकाळी आजोबा नदीवरून जाळी घेऊन आले की खालूनच तिला हाक मारायचे. ती हाक घशातली नव्हती, पोटातून यायची. मी पायरीवर बसलेली असायची आणि माझ्या बरगड्यांत ती वाजायची. आजी गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यानंतर आजोबांनी पुन्हा कोणाला तशी हाक मारली नाही.

आमच्या घरामागे पूर्वी मोठी दलदल होती. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी चर खणून, पाणी उपसून तिथे मका लावला. मी आयुष्यभर मकाच पाहिला. पाच-सहा वर्षांपूर्वी सरकारने ती जमीन घेतली आणि चर बुजवले. पाणी परत आलं, लव्हाळी माजली. डॉटी म्हणते, डास आले.

गेल्या मे महिन्यात संध्याकाळी मी भांडी विसळत होते, आणि बाहेरून आजोबांनी आजीला हाक मारली.

हातातली बशी फुटली. मी हात न पुसता दारात गेले. पुन्हा हाक आली. तीच, पोटातून आलेली, दोनदा गिळल्यासारखी. मागच्या लव्हाळ्यांतून येत होती. तिथे माणूस नव्हतं. मला वाटलं, माझं डोकं फिरलं, आता शेवट जवळ आला. आठवडाभर रोज संध्याकाळी ऐकली आणि कोणाला सांगितलं नाही. डॉटीला सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमाची माहितीपत्रकं आणली असती. खरं सांगते, मला भीती वाटत नव्हती. मी पायरीवर जाऊन बसायची.

पोरी, त्या दोन ओळींत काय लिहिलंय? एकही शब्द न गाळता उतरवून पाठव.

फिलोमीन

---

क्लिअर फोर्क
३ एप्रिल

मावशी,

तुमचं पत्र बसमध्ये, शाळेच्या दारात वाचलं. पोरं येऊन बसली तरी मला गाडी सुरू करता येईना. आधी माफ करा. मी जे लिहिलं ते परत घेता आलं असतं तर घेतलं असतं.

पाद्र्याचं वाक्य हे असं आहे: ‘बगळ्याच्या कुळातला तपकिरी पक्षी. लव्हाळ्यांत चोच वर करून उभा राहतो आणि दिसेनासा होतो. वसंतात संध्याकाळी ओरडतो, जसं कोणी जड पंपाने पाणी उपसावं. इथले लोक म्हणतात की त्याचं नाव त्यानेच त्यांना सांगितलं.’

मावशी, हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे आणि पोरांना गंमत म्हणून सांगितलं आहे. ते खरं असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही.

काल मी कोश घेऊन ओढ्यावर गेले आणि एकटीच मोठ्याने वाचत बसले. कावळ्याचा शब्द घेतला, तो सावकाश म्हटला, मग घशात ओढून म्हटला, आणि तो कावळ्याचाच आवाज निघाला. मग बेडकाचा, मग बर्फ तडकण्याचा. सगळे शब्द असे नाहीत, आईचा किंवा उद्याचा शब्द कुठून आला कोण जाणे. पण पुष्कळ शब्द कोणी बसून बनवलेले नाहीत, मावशी. कोणीतरी आधी ऐकत बसलं होतं. मी इतकी वर्षं ते शाईत शोधत होते.

आजी जन्मली तेव्हा तो पक्षी तिथे होता. मग तो गेला, पण त्याची हाक आजोबांच्या तोंडात राहिली, तिथून तुमच्या कानात. आता तो परत आला आहे आणि त्याला ओळखणारं माणूस अजून पायरीवर बसलं आहे.

तुम्ही नाव तोंडाने देऊ नका. आम्ही येतो. मी, कर्टिस, सूनबाई आणि बाळ. तो यंदा आला की कळवा.

लव्होना

---

रीड लँडिंग
२ मे

पोरी,

अजून आला नाही. रोज पायरीवर बसते. तो एकटाच होता, वाटेत कुठे मेला असेल तर? डॉटीला मी सगळं सांगितलं. माहितीपत्रकं आणायचं सोडून तीही येऊन बसते, डास मारते आणि ‘हा का? हा का?’ विचारते. ते बदक होतं.

येऊ नका असं सांगायला लिहिते आहे. बाळाला घेऊन एवढा प्रवास आणि हाती काहीच नाही, असं व्हायला नको.

फिलोमीन

ता. क. पाकीट बंद केलं होतं, परत फोडलं. आला. आत्ता. निघा.

---

क्लिअर फोर्क
१ जून

मावशी,

सुखरूप पोचलो. बाळ गाडीत सगळी वाट झोपलं आणि घरी आल्यावर जागलं, असो.

तुझ्याकडून आल्यापासून मी कोणाशी धड बोललेली नाही. कर्टिस म्हणतो, आईला काय झालंय. मला काय झालंय ते तुलाच सांगू शकते, म्हणून लिहिते.

पहिल्या संध्याकाळी तो ओरडला नाही आणि माझा धीर सुटला होता हे तुला दिसलं असेल. दुसऱ्या संध्याकाळी तू माझं मनगट धरून लव्हाळ्यांच्या कडेला उभी होतीस. आधी ओठांनी टच्‌टच्‌ केल्यासारखा बारीक आवाज आला, आणि मग ते आलं. मला ते कानाने ऐकू आल्याचं आठवतच नाही, पायांना कळलं. एवढ्याशा पक्ष्यात एवढी जागा कुठे असते? तू बोट वर केलंस आणि माझ्याकडे बघितलंस, आणि मला कळलं की मी इतकी वर्षं एका नावाची नुसती हाडं उच्चारत होते.

मग मी म्हटलं, तू मान हलवलीस. पुन्हा म्हटलं, पुन्हा नाही. तो ओरडायचा, मी ओरडायची, तू नाही म्हणायचीस. डॉटीवहिनी मागून म्हणाल्या, “अगं, ती ओकते आहे का?” आणि मला हसू फुटलं. हसता हसता पोट सैल झालं आणि त्यातूनच ते बाहेर पडलं. तू मनगट इतक्या जोरात दाबलंस की दोन दिवस वळ होता.

नंतर डॉटीवहिनींनी मला होडीने पलीकडच्या काठावर सोडलं. तुम्ही सगळे तिकडे पायरीजवळ लहान लहान दिसत होता, बाळ तुझ्या मांडीवर. मी एकदा हाक मारली. माझ्या तोंडून आली ती, पण माझी वाटली नाही. पाण्यावरून जाताना मला जवळजवळ दिसली. पलीकडे बाळाने मान वळवली एवढं मी पाहिलं. मग रडू आल्यामुळे काही दिसलं नाही.

आता माझा एक प्रश्न आणि एक काळजी. काळजी ही, की तळघरातल्या पोरांना मी आजवर जी नावं दिली ती सगळी चुकीची. त्यांना काय सांगू? आणि प्रश्न असा, की मी पलीकडे पोचायच्या आधी तू काहीतरी केलंस. कर्टिसने पाहिलं. विचारलं तर डोळे पुसतो आणि म्हणतो, “मावशीआजीला विचार, ते मी सांगायचं नाही.”

काय केलंस?

तुझी,
लव्होना

---

रीड लँडिंग
११ जून

लव्होना पोरी,

पोरांना काही सांगू नकोस. हाक मारलीस की ती वळतात ना? मग ती त्यांची नावं आहेत. जमलं तर त्यांना इथे घेऊन ये, पाण्याकाठी बसव आणि ऐकू दे. ज्याला आपलं नाव सापडेल त्याला सापडेल. उरलेल्यांना मी अक्रोडं फोडायला लावेन.

पक्षी अजून ओरडतो आहे. परवा लांबून दुसरा ऐकू आला. डॉटी म्हणते, तो प्रतिध्वनी आहे. डॉटीला काय कळतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. डॉटी तुला होडीतून नेत होती तेव्हा बाळ माझ्या मांडीवर होतं. तू शिकलीस, तुझा आवाज बरोबर लागला, पक्ष्याने नाव दिलं, सगळं झालं असं तुम्हाला वाटत होतं. मला नव्हतं वाटत. रीतीप्रमाणे नाव पक्ष्याने द्यायचं नाही, माझ्या घराण्याने द्यायचं आहे. आजीनंतर ते माझ्याकडे होतं आणि मीच ते धरून बसले असते तर बाळाने उसनं नाव घेऊन जन्म काढला असता. मी कर्टिसला पाटीवर लिहिलं, ‘खणातली यंत्राची पेटी आण.’

त्याने आणली. मी यंत्र गळ्याला लावलं. बाळ घाबरेल या भीतीने आधी तिचे पाय घट्ट धरून ठेवले, आणि मग तिच्या कानाशी वाकून आजीचं नाव घेतलं. त्या गुरगुरीत घेतलं. पक्ष्यासारखं नाही, आजोबांसारखं नाही, तुझ्या सीडीपेक्षाही वाईट.

पोरी, ती घाबरली नाही. या जगात येऊन तिला नऊ महिनेही झालेले नाहीत, चांगला आवाज कोणता आणि वाईट कोणता हे तिला अजून कोणी शिकवलेलं नाही. तिने माझ्या गळ्याला हात लावला, यंत्रावर बोटं ठेवली, आणि ती थरथर बोटांना जाणवली तशी हसली. मी पुन्हा म्हटलं. ती पुन्हा हसली. बारा वर्षांत माझ्या आवाजाला कोणी हसलं नव्हतं, ज्यांनी ऐकला ते नुसते दचकले होते.

मग पलीकडून तुझी हाक आली. बाळाने माझ्या गळ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि ती मान वळवून तुला शोधायला लागली.

फिलोमीन